मीटिंग संगीताची आहे तर गाणं ऐकू येऊ द्या : मीटिंग भरवणाऱ्यांना खान्देशातून खुलं पत्र

प्रति,
ओपन सोर्स म्युझिक सॉफ्टवेअर वापरणाऱ्या आपल्या मराठी मंडळींची ऑनलाईन मीटिंग भरवणारे सगळे दादा आणि ताई,

राम राम.

पुढच्या मीटिंगची तारीख टाकायच्या आधी हे पूर्ण वाचा, लांब झालंय पण वाचा. मी पाचोऱ्याकडचा. लग्नाकार्यात साऊंड लावतो आणि बाकीच्या दिवसांत भजनी मंडळांचं, अहिराणी गाण्यांचं रेकॉर्डिंग आर्डर (Ardour) नावाच्या रेकॉर्डिंग-मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये करतो. जळगाव, धुळे, नंदुरबार मिळून असं काम करणारी पोरं आता बरीच झालीत. कोणी एलएमएमएसवर बीट बनवतो, कोणी ऑडॅसिटीत कीर्तनाचं रेकॉर्डिंग साफ करतो, चोपड्याकडच्या एक शिक्षिका ताई म्यूझस्कोरमध्ये शाळेची समूहगीतं लिहून ठेवतात. पैसे भरून महागडं सॉफ्टवेअर घ्यायची ऐपत नाही आणि क्रॅक टाकून कॉम्प्युटर खराब करायचा नाही, म्हणून ही मंडळी इकडे, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या ओपन सोर्सकडे वळली, आणि वळली ती तुमच्याच मीटिंगमुळे, हे आधी सांगतो. दर महिन्याला कोणीतरी स्वतःचा वेळ काढून बसतं, लिंक बनवतं, लोकांच्या मागे लागून बोलावतं, ते आम्हाला दिसतं.

पण आमच्याकडची निम्मी पोरं आता मीटिंगला येत नाहीत. विचारलं की "नेट नव्हतं भो" एवढंच सांगतात आणि तुम्हीही ते खरं धरून चालता. नेटचा त्रास आहेच, त्यावर पुढे लिहितो, पण मूळ कारण वेगळं आहे. मीटिंगमध्ये वाजवलेलं गाणं ऐकूच येत नाही. गाणंच ऐकू आलं नाही तर त्यावर बोलणार काय? मग दीड तास व्हर्जन कोणतं, प्लगिन कुठून घेतलं, लॅपटॉप केवढ्याचा यात जातो आणि रेकॉर्डिंग घेऊन आलेला माणूस शेवटपर्यंत गप्प बसून राहतो. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे की ऑफिसची मीटिंग भरवतात तशी ही भरवू नका, कानावर पोट असलेल्या माणसांची मीटिंग आहे, कानाचा विचार आधी करा.

एक प्रसंग सांगतो, तुमच्यातल्या काहींना आठवेल. एरंडोलकडच्या एका मंडळाचा हरिपाठ आम्ही देवळातच रेकॉर्ड केला होता. पेटीला एक माईक, मृदंगाला एक, टाळकऱ्यांसमोर एक आणि बुवांसमोर एक, देऊळ जुनं दगडी त्यामुळे आवाजाला जी गोलाई येते ती जशीच्या तशी ठेवलेली, वरून रिव्हर्ब म्हणजे घुमारा टाकायची गरजच नव्हती. मीटिंगमध्ये आर्डरचं आउटपुट ब्राउझरच्या माईकला जोडून ते वाजवलं. इकडे माझ्या हेडफोनमध्ये पेटीचा सूर नुसता भरून राहिला होता. तिकडे बाकीच्यांना काय गेलं ते नंतर मीटिंगचं रेकॉर्डिंग लावल्यावर कळलं. पेटी सुरू झाली, दोन-तीन सेकंद ऐकू आली आणि विरून गेली. टाळ म्हणजे नुसतं चिस्स चिस्स, तेही मध्येच तुटलेलं. मृदंगावर थाप पडली की बुवांचा आवाज खाली बसायचा, थाप थांबली की हळूहळू वर यायचा, आणि दोन ओळींच्या मधल्या शांततेत मागच्या कोणाचा तरी खोकला बुवांच्या गळ्याएवढा मोठा. सगळ्यांनी सांगितलं काय, तर रेकॉर्डिंग नीट झालेलं नाही, माईक चांगला घ्या. मंडळातला पेटी वाजवणारा पोरगा तेव्हा मीटिंगमध्येच होता. तो परत आला नाही.

हे का होतं ते तुमच्यातल्या डेव्हलपर मंडळींना माहिती असणार, पण मीटिंग भरवताना ते कोणी लक्षात घेत नाही म्हणून परत लिहितो. मीटिंगचे सगळे प्रोग्राम माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेत. माईकमधून आवाज आला की ब्राउझर त्यावर तीन कामं करतो. एक, इको काढतो. दोन, नॉईज कमी करतो. तीन, बारीक आवाज मोठा आणि मोठा आवाज बारीक करून सगळं एका पातळीला आणतो. आता नॉईज म्हणजे काय हे त्या प्रोग्रामला कसं कळतं, तर जो आवाज बराच वेळ एकसारखा चालू आहे, बदलत नाही, तो पंख्याचा किंवा कूलरचा असणार असं तो धरतो. तानपुरा तसाच असतो. पेटीवर धरून ठेवलेला सूर तसाच असतो. म्हणून दोन-तीन सेकंदांत पेटी गायब. आणि पातळी आणणारी जी तिसरी गोष्ट आहे तिला मृदंगाच्या हलक्या आणि भारी थापेतला फरक कळत नाही, ती दोन्ही सारख्या करायला बघते, त्यात बुवांचा आवाज खालीवर होतो. म्हणजे वाजवणाऱ्याने वर्षानुवर्षं बसून जे हातात आणलं तेच नेमकं पुसलं जातं.

पेटी कोडेकने, म्हणजे आवाज दाबून लहान करून पाठवणाऱ्या प्रोग्रामने, मारली नाही, हेही नीट समजून घ्या. ब्राउझरमधल्या बहुतेक मीटिंग ओपस कोडेकवर चालतात. ओपस २०१२ मध्ये स्टँडर्ड म्हणून आलं, मोकळं आहे, कोणाला रॉयल्टी द्यावी लागत नाही, सेकंदाला ६ किलोबिटपासून ५१० किलोबिटपर्यंत चालतं आणि ४८ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटपर्यंत, म्हणजे माणसाला ऐकू येणारा पूर्ण आवाज पेलतं. म्हणजे गाणं पोचवायची ताकद त्याच्यात पुरेपूर आहे. ओपस बनवणाऱ्यांतले एक जाँ-मार्क व्हालँ, त्यांनीच पुढे आरएनएननॉईज नावाचा नॉईज काढणारा प्रोग्राम बनवला, तोही ओपन सोर्स, जित्सी या ओपन सोर्स मीटिंग प्रोग्राममधला जास्तीचा नॉईज काढायचा पर्याय त्याच्यावरच चालतो. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी उत्तम. बोलायचं असेल तेव्हा दुसरी चालू ठेवा, गाणं लावायचं असेल तेव्हा बंद करा, एवढंच करायचं आहे आणि ते मीटिंग भरवणाऱ्याने करायचं आहे. गावातल्या पोराने पहिल्यांदा लिंक उघडल्यावर सेटिंगमध्ये खोल शिरून ते शोधावं ही अपेक्षा चुकीची आहे.

जित्सीमध्ये मीटिंगच्या लिंकलाच पुढे सेटिंग जोडून ही सगळी प्रोसेसिंग बंद ठेवता येते, स्टिरिओही चालू करता येतो. म्हणजे दोन लिंक पाठवा, एक बोलणाऱ्यांची आणि एक गाणं लावणाऱ्यांची, खोली तीच. झूम वापरत असाल तर त्यात ओरिजिनल साऊंड फॉर म्युझिशियन्स म्हणून पर्याय आहे, तो आधी सेटिंगमध्ये सुरू करावा लागतो आणि मग मीटिंग चालू असताना वरच्या बाजूला बटन दिसतं. आपल्याला झूमच्या फुकट खात्यात ४० मिनिटांनी मीटिंग तुटते म्हणून जित्सी बरं पडतं, शिवाय ओपन सोर्सवाल्यांनी ओपन सोर्सवर भेटावं हे मला मनापासून पटतं. ऑगस्ट २०२३ पासून जित्सीच्या फुकट सर्व्हरवर खोली उघडणाऱ्याला लॉगिन करावं लागतं, बाकीच्यांना नाही. तेव्हा खोली उघडणारा माणूस वेळेवर हजर पाहिजे. मागे सगळे लिंकवर जाऊन वाट बघत बसले आणि उघडणारा प्रवासात होता, असं झालंय. दोन जणांकडे ती जबाबदारी ठेवा.

इको काढणं बंद केलं की सगळ्यांना हेडफोन लागतात, त्याला इलाज नाही. एकाचाही स्पीकर चालू राहिला की त्याच्या माईकमधून सगळं परत फिरून येतं आणि मीटिंग संपली. पण हेडफोन म्हटलं की पोरं ब्लूटूथचे इअरबड कानात घालून येतात आणि इथे दुसरी गडबड होते जी फार लोकांना माहितीच नाही. ब्लूटूथवर नुसतं ऐकताना आवाज चांगला असतो, पण त्याच इअरबडचा माईक सुरू झाला की ते फोन कॉलच्या मोडमध्ये जातं आणि आवाज एकदम डबड्यासारखा होतो, स्टिरिओही जातो. मग पोरगा म्हणतो मीटिंगचा आवाज बेकार आहे. बाजारात शंभर-दीडशेला मिळणारा वायरचा इअरफोन या कामाला महागड्या इअरबडपेक्षा बरा. मीटिंगच्या प्रत्येक निरोपात ही एक ओळ टाका, बाकी काही टाकलं नाही तरी चालेल.

आता गावाकडची मीटिंग कशी ऐकली जाते ते सांगतो कारण पुण्या-मुंबईत बसून ते दिसत नाही. तुमच्या स्क्रीनवर एका चौकोनात एक नाव दिसतं म्हणून तुम्ही एक माणूस मोजता. आमच्याकडे एका फोनभोवती चार-पाच जण बसलेले असतात, ज्याचा रिचार्ज शिल्लक आहे त्याचा फोन, तो तांब्याला टेकवून ठेवलेला. सहा इंची स्क्रीनवर आर्डरची पूर्ण विंडो शेअर केली की ट्रॅकची नावंसुद्धा वाचता येत नाहीत, फेडर कुठे आणि काय हलवलं काही कळत नाही. आर्डरच्या प्रेफरन्सेसमध्ये दिसण्याच्या भागात फॉन्ट आणि बटनं मोठी करायची सोय आहे, स्क्रीन दाखवण्याआधी ती दुप्पट करा. आणि करताना तोंडाने बोला. "हे इथे असं करायचं" म्हटल्याने फोनवाल्याला काहीच कळत नाही, "मृदंगाच्या ट्रॅकवर लो-कट लावला, ८० हर्ट्झच्या खालचं काढलं" असं म्हटलं की न बघताही समजतं. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही असे पेटी-तबला वाजवणारे आपल्यात आहेत, त्यांनाही हेच लागतं.

डेटाचा हिशोब सांगतो. नुसता आवाज सेकंदाला ४० किलोबिटने गेला तर तासाला १८ एमबी लागतात. गाण्यासाठी १२८ किलोबिट धरले तरी तासाला ५८ एमबीच्या आत. व्हिडिओ मात्र सेकंदाला १ मेगाबिट जरी धरला तरी तासाला ४५० एमबी. दिवसाला दीड जीबीच्या पॅकवर दीड तास मीटिंग केली की निम्मा पॅक संपतो, तोही एका फोनचा, आणि त्याच पॅकवर घरातल्या पोराचा अभ्यास चालतो. म्हणून गाणं चालू असताना सगळ्यांचे कॅमेरे बंद, फक्त बोलणाऱ्याचा चालू. चेहरे बघायचेत ना, मला पण बघायला आवडतात, सुरुवातीची पाच मिनिटं सगळ्यांनी कॅमेरा लावून राम राम करायचा आणि बंद करायचा. जित्सीत फक्त आवाज ठेवून बाकीच्यांचा व्हिडिओ घ्यायचाच नाही असाही पर्याय आहे, तोही सांगा.

लाईटचं तर तुम्हाला सांगून खरं वाटत नाही. शेतीपंपाची थ्री फेज लाईट पाळीने येते, कधी दिवसाची पाळी कधी रात्रीची. रात्रीची पाळी असली की माणूस मीटिंगमधून उठून केळीला नाहीतर कपाशीला पाणी भरायला जातो, तिथून फोनवर कानाला लावून ऐकतो. तो बोलणार नाही, पण तो आहे. त्याला "कॅमेरा लावा, परिचय द्या" म्हणू नका. आणि वादळवाऱ्यात लाईट गेली की टॉवरची बॅटरी किती वेळ टिकेल त्याच्यावर आमची मीटिंग अवलंबून असते, म्हणून मधेच गेलेल्या माणसासाठी रेकॉर्डिंग लागतं. दोन तासांचा व्हिडिओ कोणी उतरवून घेत नाही. नुसता आवाज ओपसमध्ये काढून टाका, बोलण्यासाठी २४ किलोबिट पुरतात, दोन तासांची फाईल २२ एमबीच्या आत बसते आणि ती व्हॉट्सॲपवर गावभर फिरते. वाजवलेली गाणी त्यात नका घालू, ती वेगळ्या चांगल्या फाईलीत द्या.

वेळेबद्दल. तुम्ही शनिवारी संध्याकाळी सहा ठेवता कारण नोकरीवाल्यांना सुट्टी असते. आमच्या धंद्यात शनिवार-रविवार संध्याकाळ म्हणजे मांडव, हळद, वरात. साऊंडवाला, बँडवाला, बेंजोवाला, ढोलवाला सगळे तेव्हा कामावर, लग्नसराईत तर बोलूच नका. मधल्या वारी रात्री नऊनंतर ठेवा, जेवणं झालेली असतात, बायकांनाही तेव्हा थोडी उसंत मिळते. पाहिजे तर एक महिना रात्री आणि एक महिना रविवारी सकाळी अकरा, आलटून पालटून, म्हणजे दोन्ही प्रकारच्या लोकांना वर्षातल्या निम्म्या मीटिंग तरी मिळतात. आणि जी जागतिक मीटिंग असते, आर्डरवाले, लिनक्स ऑडिओवाले, सुपरकोलायडरवाले युरोपात संध्याकाळी भेटतात, तिथे रात्री आठ म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात साडेबारा आणि उन्हाळ्यात साडेअकरा. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं एक तासाने सरकतात, आपली नाही सरकत, त्या आठवड्यात आमची पोरं हमखास चुकतात. आपल्यातून एकाने त्या मीटिंगला बसावं आणि दुसऱ्या दिवशी पाच मिनिटांचा मराठी आवाजी निरोप टाकावा, एवढं जमलं तरी फार झालं.

एकत्र वाजवण्याचा विषय दर वेळेस निघतो. नवीन कोणी आलं की म्हणतं आता सगळे मिळून एक भजन करू, आणि सुरुवात होते तोच सगळे एकमेकांच्या मागे पडतात आणि नवीन माणूस हिरमुसतो. हे पहिल्यांदाच समजावून सांगा. मीटिंगमध्ये आवाज पोचायला साधारण १५० मिलिसेकंद धरले, फोनवर त्याहून जास्तच लागतात, तर हवेतून तेवढ्या वेळात आवाज ५० मीटर जातो. म्हणजे मृदंगवाला तुमच्यापासून ५० मीटरवर बसलाय. १२० च्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची, त्यातली जवळजवळ एक तृतीयांश गेली, समेवर कोण कसा येणार? साधारण २५-३० मिलिसेकंदांपर्यंत माणसाचा हात सांभाळून घेतो, त्यापुढे लय ढिली पडत जाते. अंतराचा दोष नाही हो, जळगाव ते पुणे ४०० किलोमीटरच्या आसपास, फायबरमधून एवढं अंतर जायला २ मिलिसेकंद लागतात. वेळ खातात ते मोबाईलचं नेटवर्क, वायफाय, साऊंड कार्डचे बफर आणि मीटिंगचा सर्व्हर. जामुलस, सोनोबस, स्टॅनफर्डमधून आलेलं जॅकट्रिप ही ओपन सोर्स साधनं याच्यासाठीच बनवलीत, पण त्यांना वायरचं नेट आणि नीट साऊंड कार्ड लागतं. जळगावात, भुसावळात, धुळ्यात फायबर असलेल्या दोघा-तिघांना घेऊन वेगळ्या दिवशी करून बघू, मला स्वतःला फार उत्सुकता आहे. महिन्याच्या मीटिंगमध्ये मात्र तो प्रयोग नको, तिथे लोकांचा वेळ जातो.

त्यापेक्षा असं करा. ज्याचं गाणं ऐकायचं त्याने दोन दिवस आधी फाईल द्यायची, फ्लॅकमध्ये, म्हणजे दर्जा न घटवता लहान केलेली, दिली तर उत्तम. सगळ्यांनी उतरवून ठेवायची. मीटिंगमध्ये कोणीतरी एक, दोन, तीन म्हणायचं आणि प्रत्येकाने आपापल्या फोनवर, आपापल्या हेडफोनवर ती वाजवायची. माईक सगळ्यांचे बंद. पाच मिनिटं सगळे एकच गाणं पूर्ण दर्जात ऐकतात आणि मग बोलतात. मागच्या पावसाळ्यात आम्ही इकडे आपसात असं करून बघितलं. हायड्रोजन या ठोके बसवायच्या सॉफ्टवेअरमध्ये एका पोराने केरवा ताल बसवला होता, आठ मात्रा, सोळा खणांत प्रत्येक मात्रेला दोन खण, सगळे ठोके जागच्या जागी. शहाद्याकडचा एक ढोलवाला ऐकत होता, त्याने आयुष्यात कॉम्प्युटरला हात लावलेला नाही. त्याने सांगितलं की बोल बरोबर आहेत पण चाल येत नाही, पाचव्याच्या नंतरचा ठोका थोडा थांबून आला पाहिजे आणि त्याच्या आधीचा हलका पाहिजे, आणि मग तोंडाने म्हणून दाखवलं, आणि मांडीवर हाताने दाखवलं. त्या पोराने तिथेच मास्टर मिक्सरमध्ये स्विंग थोडा वर घेतला, तेवढ्याने जमलं नाही, मग हलक्या ठोक्यांचा जोर एकेक करून कमी केला, दोन ठोके ग्रीडवरून थोडे मागे ओढले, आणि परत फाईल काढून सगळ्यांना पाठवली. तिसऱ्या वेळेला ढोलवाला म्हणाला आता कोणीतरी नाचेल. अर्धा तास गेला यात, दुसरं काहीच झालं नाही, आणि माझ्या मते त्याच्याइतकी चांगली मीटिंग आम्ही बघितलेली नाही. तुमच्या अजेंड्यात अशा अर्ध्या तासाला जागाच नसते, दहा-दहा मिनिटांचे विषय लावलेले असतात.

भाषेचं पण बोलतो. कोणी मीटिंगमध्ये अहिराणीत बोलायला लागलं की लगेच "जरा मराठीत सांगाल का" येतं. वाईट हेतूने कोणी म्हणत नाही, कळतं. पण पहिल्यांदा माईक उघडलेल्या माणसाचे शब्द तिथेच अडकतात. "मना आवाज ई राह्यना का भो" एवढं कोणालाही समजेल, आणि नाही समजलं तर आमच्यातला कोणीतरी सांगेल ना. २०११ च्या जनगणनेत खान्देशी बोलणारे म्हणून १८ लाखांवर लोकांची नोंद आहे. रावेर-यावलकडची लेवा मंडळी वेगळी बोलतात, धडगाव-अक्कलकुव्याकडचे पावरी, भिली बोलतात, गाणी तर सगळ्यात जास्त तिकडेच आहेत. आपोआप मजकूर लिहून देणारं व्हिस्पर मराठी ओळखतं, आमच्या बोलीचं त्याच्या यादीत नावच नाही, त्यामुळे मीटिंगचा वृत्तांत मशीनवर सोडू नका, माणसाने लिहा. इथरपॅडसारखं, सगळ्यांना एकत्र लिहिता येईल असं एक ऑनलाईन पान उघडून ठेवा, ज्याला बोलायला जमत नाही तो तिथे लिहील, शेवटी तेच पान मीटिंगची नोंद होईल.

आणि रेकॉर्डिंगचा एक विषय आहे जो मला गंभीर वाटतो. आमच्या इकडच्या बायका कानबाई या आमच्या देवीची गाणी म्हणतात, आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला गौराईची गाणी म्हणतात झोक्यावर. ती कोणी रचली माहिती नाही, ती सगळ्यांची आहेत हे खरं. पण गाणारा गळा त्या बाईचा आहे. कॉपीराइट कायद्याच्या ३८ व्या कलमात कलाकाराला स्वतःच्या सादरीकरणावर हक्क दिलेला आहे, ५० वर्षांचा. तुम्ही मीटिंग रेकॉर्ड करून तशीच यूट्यूबवर टाकता, मीटिंग सुरू होताना एकदा "रेकॉर्ड होतंय" म्हणता आणि झालं. पाचजणी एका फोनवर बसून गायल्या त्यातल्या कितींना ते समजलं? गाण्याच्या आधी थांबून, तिच्या भाषेत, प्रत्येकीला विचारा. हो म्हणाली तर कोणत्या लायसन्सवर टाकतोय ते सांगा, क्रिएटिव्ह कॉमन्स म्हणजे त्या लायसन्सच्या अटी पाळून कोणीही वापरू शकतं हे साध्या शब्दांत सांगा, नाही म्हणाली तर तेवढा भाग काढा. सॉफ्टवेअरच्या लायसन्सवर तासभर वाद घालणारी आपली मंडळी आहेत, गाणाऱ्या बाईच्या परवानगीला दोन मिनिटं काढलीच पाहिजेत.

माणसं किती लागतात याचा पण विचार करा. आत्ता एकच जण बोलतो, तोच चॅट वाचतो, तोच उशिरा आलेल्याला आत घेतो, तोच स्क्रीन शेअर करतो, आणि त्याचंच नेट गेलं की सगळं थांबतं. तिघं पाहिजेत. एक जण बोलणं चालवेल. दुसरा चॅट आणि येणारे-जाणारे बघेल, ज्याने हात वर केलाय त्याचं नाव घेईल. तिसऱ्याने फक्त आवाज ऐकायचा, वेगळ्या फोनवर, स्वस्तातल्या फोनवर, मोबाईल डेटावर, म्हणजे खेड्यातल्या माणसाला काय ऐकू जातंय ते त्याला कळेल आणि तो मध्येच थांबवून सांगेल की पेटी येत नाहीये. कार्यक्रमात आम्ही मिक्सरवर एक माणूस बसवतोच ना, मालक कितीही घासाघीस करू दे, मिक्सरवरचा माणूस कमी करत नाही. आणि मीटिंगच्या आधी पंधरा मिनिटं साऊंड चेक. लिनक्सवाल्यांनी पाईपवायरमध्ये, म्हणजे एका प्रोग्रामचा आवाज दुसऱ्यात नेणाऱ्या सोयीत, आर्डरचा मास्टर थेट ब्राउझरच्या माईकला जोडलाय का, आणि ती जोडणी चित्रात दाखवणाऱ्या क्यूपीडब्ल्यूग्राफमध्ये वायरी दिसतात का, ते तेव्हाच बघून घ्यायचं. लोक आल्यावर "आवाज येतोय का, आता येतोय का" हे नको.

हे सगळं तुम्हीच करा असं आम्ही म्हणत नाही. तिसऱ्या माणसाचं काम आमच्याकडे द्या, आमच्याकडे असले फोन आणि असलं नेट दोन्ही आहे, आणि कान तयार आहेत. पुढची एक मीटिंग पूर्ण खान्देशाकडे द्या. पाचोऱ्यात फायबर असलेलं एक घर मिळतंय, खोली तिथून उघडू, जित्सीच्या दोन्ही लिंक आम्ही बनवू, वृत्तांत चोपड्याच्या ताई लिहायला तयार आहेत. हरिपाठाचं तेच रेकॉर्डिंग आम्ही परत लावणार आहोत, या वेळेला फाईल आधी पाठवून, आणि पेटी वाजवणाऱ्या पोराला मी स्वतः जाऊन घेऊन येईन.

तारीख मधल्या वारची टाका, रात्री नऊची. श्रावणात ठेवणार असाल तर कानबाईचा रविवार आणि विसर्जनाचा सोमवार सोडून, त्या दोन दिवसांत तिन्ही जिल्ह्यांत कोणी मोकळं सापडणार नाही. तारीख पक्की झाली की फाईली दोन दिवस आधी पाठवतो.

तुमचाच,
पाचोऱ्याकडचा साऊंडवाला, आणि इकडची सगळी मंडळी